वाचकांचे प्रश्न : सतरा वर्षांच्या मुलात पंचविशीतला खेळाडू कसा ओळखावा?

मागील अंकात या सदरात आइस हॉकीच्या ड्राफ्टसंबंधी, म्हणजे होतकरू मुलांवर संघ पाळीपाळीने हक्क सांगतात त्या निवडीसंबंधी, एका प्रश्नाला दोन ओळींत उत्तर दिले होते. त्यावर इतकी पत्रे आली की हे सदर यावेळी याच एका विषयाला द्यावे असे वाटले. मी दक्षिण ओंटारियोत बरीच वर्षे राहतो आणि त्यांपैकी काही हिवाळे मी एका ज्युनिअर संघासाठी सामन्यांचे अहवाल लिहिण्याचे काम केले आहे. पुढील उत्तरे त्या अनुभवातून आणि या खेळावरील प्रेमातून दिलेली आहेत.

आयपीएलमध्ये खेळाडूंचा लिलाव होतो आणि उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक आइस हॉकी स्पर्धा असलेल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये ड्राफ्ट होतो. या दोहोंत मूलभूत फरक काय? आणि निवड इतक्या कोवळ्या वयात का केली जाते? (एक वाचक, पुणे)

लिलावात ज्याची थैली मोठी आणि हिशेब पक्का, त्याला हवा तो खेळाडू मिळू शकतो. ड्राफ्टमध्ये पैशाची बोली नसते, फक्त पाळी असते. आदल्या हंगामात जे संघ खाली राहिले त्यांची पाळी आधी येते, आणि मुद्दाम हरून पहिला क्रमांक पटकावण्याचा मोह होऊ नये म्हणून १९९५ पासून वरच्या क्रमांकांसाठी सोडत काढली जाते. हा ड्राफ्ट १९६३ मध्ये मॉन्ट्रियलच्या एका हॉटेलात सुरू झाला. आज ३२ संघ असून २००५ पासून सात फेऱ्या होतात, म्हणजे दरवर्षी सव्वादोनशेच्या आसपास मुलांची नावे पुकारली जातात. नाव पुकारले म्हणजे नोकरी लागली असे मात्र नाही. संघाला मिळतो तो केवळ त्या मुलाशी करार करण्याचा हक्क. बहुतेक मुले पुढच्या हंगामात आपापल्या ज्युनिअर किंवा महाविद्यालयीन संघाकडे परततात आणि त्यांतील अनेकांची त्या मोठ्या लीगच्या बर्फाशी कधीच गाठ पडत नाही.

वयाचा नियम असा, की त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत ज्याला अठरा वर्षे पूर्ण होतात तो पात्र ठरतो. ड्राफ्ट जूनअखेरीस होत असल्याने कित्येक मुले त्या दिवशी सतराच वर्षांची असतात. आयपीएलचा संघमालक ज्याच्यावर बोली लावतो, त्याचे रणजीतले किंवा मुश्ताक अली स्पर्धेतले प्रौढ खेळाडूंविरुद्धचे सामने त्याने पाहिलेले असतात. हॉकीचा स्काउट, म्हणजे होतकरू खेळाडू हेरणारा माणूस, मात्र ज्याची दाढीही धड आलेली नाही अशा मुलाकडे पाहून तो पंचविसाव्या वर्षी जगातल्या सर्वोत्तम बचावपटूंसमोर काय करील याचा अंदाज बांधतो. आज कोण चांगला खेळतो हा प्रश्न सोपा आहे, तो रिंकमध्ये (बर्फाच्या मैदानात) बसलेला कोणीही सोडवू शकतो. पगार मिळतो तो दुसऱ्या प्रश्नासाठी.

मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे. स्काउट रिंकमध्ये बसून नेमके काय पाहतो, हे उदाहरणासह सांगाल का? (एक वाचक, नाशिक)

सर, आपला प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देतो.

पहिली सवय लावून घ्यावी लागते ती पककडे, म्हणजे खेळातल्या रबरी चकतीकडे, न पाहण्याची. सामान्य प्रेक्षकाची नजर पकबरोबर फिरते. स्काउटची नजर एका मुलावर असते, पक कुठेही असो. एक शिफ्ट, म्हणजे खेळाडूची बर्फावरची एक पाळी, साधारण पाऊण मिनिटाची असते आणि त्या पाऊण मिनिटात एखाद्या मुलाच्या स्टिकला पक लागतो तो जेमतेम काही सेकंद. उरलेल्या वेळात तो काय करतो यातच त्याच्या पुढील आयुष्याचा बराचसा भाग दिसून जातो.

एक दृश्य सांगतो. प्रतिस्पर्ध्यांनी पक आपल्या कोपऱ्यात भिरकावला आहे आणि आपला बचावपटू तो आणण्यासाठी मागे वळून निघाला आहे. पाठीवर एक आघाडीपटू चालून येत आहे, अंतर असेल दोन-तीन स्ट्राइडचे. सर्वसाधारण मुलगा पकवर डोळे रोवून जातो, पक मिळाल्यावर मान वर करतो, आणि तोवर रिंकभोवतीच्या फळीवर आदळलेला असतो. ज्याच्यासाठी आपण दोनशे किलोमीटर गाडी हाकून आलेलो असतो, तो मुलगा पकपर्यंत पोहोचण्याआधी एकदा डाव्या आणि एकदा उजव्या खांद्यावरून मागे पाहून घेतो. कधी पोहोचता पोहोचता तिसऱ्यांदाही पाहतो. मागचा माणूस कुठल्या बाजूने येतो आहे, आपला सेंटर (मधला आघाडीपटू) कुठे उतरला आहे, जोडीदार जाळ्यामागे मोकळा आहे का, हे सारे त्याला पकला स्पर्श होण्यापूर्वी ठाऊक असते. मग तो खांदा एका बाजूला झुकवून पाठलाग करणाऱ्याला तिकडे ओढतो आणि दुसरीकडून बॅकहँडने लहानसा पास देऊन मोकळा होतो. टाळी कोणी वाजवत नाही, गुणफलकावर काही उमटत नाही. पण मी वहीत त्या मुलाच्या नावापुढे खूण करतो, कारण ही सवय अठराव्या वर्षानंतर शिकवणे फार कठीण जाते आणि वरच्या पातळीवर तिच्याविना एक हंगामही निभावत नाही.

दुसरी गोष्ट स्केटिंगची. येथे लोक वेग पाहतात, आणि वेग पाहायलाच हवा, परंतु सरळ रेषेतला वेग हा त्यातला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. उभ्या जागेवरून पहिली तीन पावले किती स्फोटक पडतात, गुडघा पुरेसा वाकतो का, ढकललेला पाय शरीराखाली नीट परत येतो की बाजूलाच घुटमळतो, वळताना स्केटच्या पात्याच्या बाहेरच्या कडेवर वजन टाकण्याचा विश्वास आहे का, हे पाहावे. ज्याची अंगकाठी अजून भरलेली नाही पण ज्याची ढब शुद्ध आहे, त्याच्या पायांत ताकद आली की वेग आपोआप येतो. उलट, ताकदीच्या जोरावर धावणाऱ्या, पण ढब बिघडलेल्या मुलाची पुढे वाढण्याची जागा कमी असते. या दोघांना आज घड्याळ लावले तर दुसरा जिंकेल, आणि नवखा स्काउट नेमका तिथेच फसतो.

तिसरी गोष्ट अशी, की या मुलाची आजची युक्ती वरच्या पातळीवर चालेल का. ज्युनिअर सामन्यात चपळ विंगर, म्हणजे कडेने खेळणारा आघाडीपटू, बचावपटूला बाहेरून वळसा घालून दहापैकी सात वेळा निसटतो, कारण समोरचा सतरा वर्षांचा बचावपटू अंतर राखायला अजून शिकलेला नसतो. व्यावसायिक बचावपटू ती वाट आधीच बंद करून त्याला फळीत दाबतो. म्हणून मी बाहेरून मारलेल्या वळशांपेक्षा मुलगा गोलच्या पुढ्यातल्या गर्दीच्या चौकोनात किती वेळा शिरतो, तिथे मार खाऊनही स्टिक बर्फावर टेकवून ठेवतो का, हे मोजतो. युरोपातील मुलांच्या बाबतीत हे विशेष लागू पडते, कारण तेथील रिंक अनेक ठिकाणी तीस मीटरपर्यंत रुंद असतात, तर उत्तर अमेरिकेतील रिंक ८५ फूट, म्हणजे सुमारे २६ मीटर. ती चार मीटरची मोकळीक नाहीशी झाल्यावर ज्याचा खेळ टिकतो, तो खरा.

आणि पक हरवल्यानंतरचे पहिले दोन सेकंद पाहावेत. मान खाली घालून सावकाश वळणारा मुलगा आणि त्याच क्षणी स्टिक उलटवून पाठलागाला लागणारा मुलगा, या दोघांच्या मनाची घडण वेगळी असते. बाकावर परतल्यावर प्रशिक्षक बोलत असताना तो कुठे पाहतो हेही मी पाहतो, मात्र त्यावरून घाईने निष्कर्ष काढू नये असे मला वाटते. सतरा वर्षांच्या मुलाचा एखादा दिवस वाईट असू शकतो.

मी संख्याशास्त्राची विद्यार्थिनी आहे. इतक्या आकडेवारीच्या काळात डोळ्यांनी पाहण्यावर एवढा भर का? वेगवेगळ्या लीगमधल्या मुलांची आकड्यांनी तुलना होत नाही का? (एक वाचक, ठाणे)

होते, आणि ती करायलाच हवी. डोळ्याला फसवायला एक देखणा गोल पुरतो. पन्नास सामन्यांची बेरीज इतक्या सहजासहजी फसत नाही. तुलनेची एक पद्धत गेब्रियल डेजार्डिन्स या विश्लेषकाने रूढ केली. एका लीगमधून नॅशनल हॉकी लीगमध्ये गेलेल्या सर्व खेळाडूंचे आधीचे व नंतरचे गुण घेऊन त्यांचे गुणोत्तर काढायचे आणि त्या गुणोत्तराने नव्या मुलाच्या गुणांना गुणायचे. ओंटारियो हॉकी लीग या कॅनडातील ज्युनिअर लीगसाठी त्यांचा आकडा सुमारे ०.३० होता. म्हणजे तेथे दर सामन्याला सरासरी दीड गुण मिळवणाऱ्या मुलाचे वरच्या लीगमधले भाषांतर दर सामन्याला ०.४५, अर्थात ८२ सामन्यांत सुमारे ३७ गुण. स्वीडनच्या किंवा रशियाच्या प्रौढांच्या लीगमधील एका गुणाचे मोल याहून बरेच अधिक धरले जाते.

मात्र त्या गुणाच्या पोटात काय आहे हे उघडून पाहावे लागते. हॉकीत एका गोलमागे गोल करणाऱ्याला एक गुण आणि पास देणाऱ्या दोघांपर्यंत प्रत्येकी एक गुण मिळतो. दुसरा पास कधी कधी सगळ्या चालीचा प्राण असतो, पण कित्येकदा तो केवळ शेजाऱ्याकडे सरकवलेला पक असतो. शिवाय प्रतिस्पर्ध्यांचा एक खेळाडू शिक्षेवर असताना, पॉवर प्लेवर, मिळवलेले गुण वेगळे काढावेत. संघाचा पॉवर प्ले सुरेख असेल तर साधारण खेळाडूच्या खात्यातही भर पडत राहते. मी आधी पाच विरुद्ध पाच खेळातले गुण पाहतो, मग गोल आणि पहिला पास एवढेच धरून पुन्हा पाहतो, आणि मग त्याच्या ओळीत, म्हणजे एकत्र बर्फावर उतरणाऱ्या आघाडीपटूंच्या गटात, शेजारी कोण खेळते ते पाहतो. त्याहून दोन वर्षांनी मोठा आणि आधीच निवडला गेलेला सेंटर त्याला पक आणून देत असेल, तर तो हिशेबही मांडायला हवा.

याच्या उलटही घडते. स्वीडनमध्ये सतरा वर्षांचा एखादा मुलगा प्रौढांच्या संघात बढती मिळवतो आणि सामन्यात त्याला पाच-सहा मिनिटे बर्फावर जायला मिळते. हंगामाअखेरीस त्याच्या नावावर चार-पाच गुण दिसतात आणि कॅनडातील समवयस्काच्या नावावर नव्वद. खेळायला मिळालेली मिनिटे न पाहता या दोघांना एका तक्त्यात बसवणे हा अन्याय आहे. आपल्याला संख्याशास्त्राची गोडी आहे, म्हणून सुचवतो: मुलाचे वय वर्षांत न धरता दिवसांत धरून पाहा. बरेच चित्र तिथेच पालटते. पुढच्या पत्राचा विषय नेमका तोच आहे.

माझा मुलगा १५ वर्षांचा असून त्याचा जन्म नोव्हेंबर २०१० चा आहे. तो संघात सर्वांत लहान चणीचा आहे आणि प्रशिक्षक त्याला कमी खेळवतात. उशिराच्या जन्मामुळे त्याचे नुकसान होईल का? (एक आई, मिसिसागा)

ताई, आपली काळजी रास्त आहे आणि तिला आधारही आहे. कॅनडात मुलांचे वयोगट १ जानेवारीपासून मोजले जातात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि आपला मुलगा एकाच गटात खेळतात, पण त्यांच्यात दहा महिन्यांचे अंतर असते, आणि बारा-तेरा वर्षांच्या वयात दहा महिने म्हणजे कधी कधी वीतभर उंची. मोठा मुलगा चांगल्या संघात निवडला जातो, त्याला चांगला प्रशिक्षक आणि अधिक बर्फ मिळतो, आणि काही वर्षांनी तो खरोखरच अधिक चांगला होतो. रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकातच कॅनडाच्या हॉकीपटूंच्या जन्ममहिन्यांत हा झुकाव दाखवून दिला होता. त्यानंतर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने आणखी एक गोष्ट पुढे आणली: वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेले कॅनडाचे खेळाडू ड्राफ्टमध्ये त्यांच्या पुढील कामगिरीच्या मानाने उशिरा निवडले गेले होते. अर्थात, स्काउट स्वतःही या भुलीतून सुटलेले नव्हते.

पण येथे एक वळण आहे आणि ते आपल्या मुलाच्या बाबतीत महत्त्वाचे आहे. ड्राफ्टची सीमा १ जानेवारी नसून १५ सप्टेंबर आहे. आपला मुलगा २०२८ च्या सप्टेंबरात सतराच वर्षांचा असेल, त्यामुळे त्याची पहिली पात्रता २०२९ च्या ड्राफ्टची. त्याच्या आजच्या गटातील जानेवारी ते मध्य-सप्टेंबरमधली मुले एक वर्ष आधी, २०२८ मध्येच, पात्र होतील. जो मुलगा वयोगटात सर्वांत धाकटा होता तो ड्राफ्टच्या गटात सर्वांत थोरल्यांपैकी एक होतो आणि त्याला वाढायला एक जादा हंगाम मिळतो. चांगला स्काउट त्या जादा हंगामाचा हिशेब धरून थोडी वजावट करतो. हेही जाणून असावे.

या तारखेचे महत्त्व दोन नावांवरून कळेल. ऑस्टन मॅथ्यूज याचा जन्म १७ सप्टेंबर १९९७ चा. दोन दिवसांनी २०१५ चा ड्राफ्ट हुकला, तेव्हा तो स्वित्झर्लंडमध्ये झ्युरिकच्या संघाकडून एक हंगाम प्रौढांविरुद्ध खेळला आणि २०१६ मध्ये टोरंटोने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडले. मॅथ्यू शेफर याचा जन्म ५ सप्टेंबर २००७ चा, म्हणजे सीमेच्या आतला, आणि म्हणून तो २०२५ च्या ड्राफ्टमधील सर्वांत लहान मुलांपैकी एक होता. आजारपण आणि नंतर जागतिक ज्युनिअर स्पर्धेत मोडलेले गळ्याचे हाड यांमुळे त्याला ईरी या ज्युनिअर संघाकडून १७ च सामने खेळता आले. तरीही न्यूयॉर्क आयलँडर्सनी त्यालाच पहिल्या क्रमांकावर घेतले. इतक्या थोड्या सामन्यांवर एवढा विश्वास टाकता आला याचे एक कारण हेही होते, की इतक्या कमी वयात तो खेळ आपल्या तालावर चालवत होता.

उंचीविषयी इतकेच सांगतो, की लेन हटसन हा बचावपटू २०२२ मध्ये ६२ व्या क्रमांकापर्यंत उरला, कारण त्याची चण लहान होती. आपल्या हाडांची वाढ अजून बाकी आहे असे डॉक्टरांचे पत्रच तो ड्राफ्टपूर्व चाचण्यांच्या वेळी संघांना दाखवायला घेऊन गेला होता. २०२४-२५ मध्ये मॉन्ट्रियलकडून पहिल्याच पूर्ण हंगामात त्याने ६६ गुण केले आणि सर्वोत्तम नवोदिताचा काल्डर करंडक जिंकला. आपला मुलगा हटसन होईल असे मी म्हणत नाही, तसे कोणीही म्हणू नये. माझी विनंती एवढीच, की सध्या त्याला मोठ्या नावाच्या संघापेक्षा जिथे प्रत्यक्ष खेळायला मिळेल अशा संघात ठेवा. बाकावर बसून खांद्यावरून मागे पाहण्याची सवय लागत नाही.

ड्राफ्टपूर्वी होणाऱ्या शारीरिक चाचण्यांना किती महत्त्व द्यावे? (एक वाचक, सोलापूर)

माफक. जूनच्या सुरुवातीला बफेलो येथे निवडक मुलांच्या चाचण्या होतात, त्यांना कम्बाइन म्हणतात. स्थिर सायकलवर तीस सेकंद जीव तोडून पेडल मारणे, प्राणवायूची कमाल क्षमता, उभ्या व आडव्या उड्या, पुल-अप, पकडीची ताकद असे प्रकार असतात. स्केट घालून कोणी बर्फावर उतरत नाही. २०१४ मध्ये सॅम बेनेटला एकही पुल-अप काढता आला नाही आणि त्यावर बरीच चर्चा झाली. कॅल्गरीने तरीही त्याला चौथ्या क्रमांकावर निवडले, आणि २०२५ मध्ये फ्लोरिडाकडून लीगचे विजेतेपद, म्हणजे स्टॅनले कप, जिंकताना बाद फेरीचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. या चाचण्यांतून वैद्यकीय माहिती मिळते, शरीर किती भरायचे राहिले आहे हे कळते, आणि संघांना मुलांशी समोरासमोर बोलता येते. माझ्या मते यांतील शेवटचा भाग सर्वांत उपयोगी आहे, विशेषतः मुलाला त्याच्याच चुकीची चित्रफीत दाखवून ‘इथे तुला काय दिसले?’ असे विचारले जाते तेव्हा.

गोलरक्षकांचा अंदाज सर्वांत कठीण असे म्हणतात, ते खरे का? (एक वाचक, अमरावती)

खरे आहे. पुढे थोर गोलरक्षक ठरलेल्या हेन्रिक लुंडक्विस्टला २००० मध्ये २०५ व्या क्रमांकावर निवडले गेले. त्याचा जुळा भाऊ जोएल त्याच ड्राफ्टमध्ये १३७ क्रमांक आधी गेला होता. पेक्का रिने २५८ वा, कॉनर हेलेबक १३० वा. हेलेबक निवडला गेला तेव्हा तो टेक्साससारख्या हॉकीला परक्या प्रांतातल्या दुय्यम ज्युनिअर संघात खेळत होता, आणि २०२४-२५ चा सर्वांत मौल्यवान खेळाडू तोच ठरला. गोलरक्षक उशिरा पिकतो, बहुधा विशी उलटल्यावर; त्याचे आकडे पुढच्या बचावफळीवर अवलंबून असतात; आणि संघात जागा एकच असल्याने पुष्कळांना खेळायलाच मिळत नाही. किती फटके अडवले यापेक्षा तो फटक्यापूर्वी स्थिर उभा असतो का, पहिला फटका अडवल्यावर पक कुठे ढकलतो, आणि समोर गर्दी असताना पक शोधायला मान कशी काढतो, हे मी पाहतो. पहिल्या फेरीत गोलरक्षक निवडण्याचे धाडस मी स्वतः क्वचितच केले असते.

इतके पाहून-मोजूनही अनुभवी स्काउट चुकतात कसे? (एक वाचक, पणजी)

१९९३ मध्ये ओटावाने अलेक्झांडर डेगल याला पहिल्या क्रमांकावर निवडले. ज्युनिअरमध्ये त्याने ५३ सामन्यांत १३७ गुण केले होते आणि त्याच्याविषयी कोणाला शंका नव्हती. वरच्या लीगमध्ये तो ६१६ सामने खेळला आणि त्याचे एकूण गुण ३२७ भरले. दुसऱ्या क्रमांकावर गेलेला बचावपटू ख्रिस प्राँगर पुढे मानाच्या हॉल ऑफ फेममध्ये पोहोचला. डेगलजवळ वेग होता, हातांचे कसब होते. माझ्या समजुतीप्रमाणे, ज्युनिअरमध्ये त्याला हे दोन पुरत होते म्हणून तिसऱ्याची गरज पडली नाही, आणि पाहणाऱ्यांनीही ते तिसरे शोधले नाही.

उलट बाजूचे उदाहरण मला अधिक प्रिय आहे. पावेल दात्सुक याला १९९६ आणि १९९७ या दोन्ही ड्राफ्टमध्ये कोणीही निवडले नव्हते. डेट्रॉइटचे युरोपातील स्काउट हॉकन अँडरसन दुसऱ्याच एका खेळाडूला पाहायला रशियात गेले असता त्यांची नजर या लहानखुऱ्या मुलावर खिळली, आणि त्यांच्या आग्रहावरून १९९८ मध्ये तो १७१ व्या क्रमांकावर घेतला गेला. पुढे दोन स्टॅनले कप, आणि सर्वोत्तम बचाव करणाऱ्या आघाडीपटूचा सेल्की करंडक सलग तीन वेळा. अँडरसन ज्याच्यासाठी गेले होते त्याच्यावरच डोळे ठेवून बसले असते, तर हे घडले नसते.

काळही बदलतो. २००५ मध्ये स्टिकने अडकवण्या-ओढण्याविरुद्धचे नियम पंच कठोरपणे लावू लागले आणि लहान चणीच्या चपळ खेळाडूंना एकाएकी मोकळा श्वास मिळाला. जे स्काउट जुन्या खेळाच्या मापाने मोजत राहिले, त्यांची मापे वर्षभरात खोटी ठरली.

माझी स्वतःची एक चूक येथे सांगणे मला आवश्यक वाटते. एका सोळा वर्षांच्या विंगरविषयी मी दोन सामने पाहून ‘पाय जड, तिसऱ्या सत्रात दिसत नाही, शिफारस नाही’ असा अहवाल दिला होता. पुढे कित्येक महिन्यांनी कळले की दुसऱ्या सामन्याच्या दिवशी त्याचा संघ तीन दिवसांतला तिसरा सामना खेळत होता आणि आदली रात्र सर्व मुलांनी बसमध्ये काढली होती. ते वेळापत्रक पाहायला मला दोन मिनिटे लागली असती. तो मुलगा दुसऱ्या संघात गेला, तिथे कर्णधार झाला आणि आज खेळावर पोट भरतो. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक अहवालाच्या पहिल्या ओळीत मुलाच्या नावाआधी हे लिहिलेले असते: आठवड्यातला कितवा सामना, प्रवास किती, मागच्या आठवड्यात दुखापत होती का.

आम्हाला घरबसल्या ही नजर तयार करायची असेल तर काय पाहावे? (एक वाचक, कोल्हापूर)

ऑगस्टमधील ह्लिंका ग्रेट्झ्की कप आणि एप्रिलमधील अठरा वर्षांखालील जागतिक स्पर्धा या दोन पाहाव्यात. पहिलीत पुढील जूनच्या ड्राफ्टची बहुतेक ठळक नावे हंगामाच्या आधी दिसतात आणि दुसरीत त्यांतली अनेक हंगामाच्या शेवटी, त्यामुळे कोण किती वाढला ते ताडता येते. एका सामन्यात एकच मुलगा निवडा आणि पूर्ण साठ मिनिटे तोच पाहा; कॅमेरा पकमागे गेला की तो पडद्याबाहेर जाईल, तेव्हा पुन्हा दिसताना तो कुठे उगवतो हे टिपा. प्रत्येक शिफ्टसाठी एक ओळ लिहा. ऑगस्टमधली वही एप्रिलपर्यंत उघडू नका, आणि एप्रिलच्या नोंदी पुऱ्या झाल्यावर दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचा. आपल्या वहीतील एखादे पान या सदराकडे पाठवलेत, तर मी ते आवडीने वाचीन आणि उत्तरही देईन.